पाच लिटर पाण्याचं वजन

गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन संपला की आपण तो साबणाच्या पाण्यानं खळखळून धुतो आणि भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी तो ठेवू नका. नळाखाली धरून भरा, बूच घट्ट लावा आणि कडी धरून उचला. तेल भरलेलं होतं तेव्हा आतला माल साडेचार किलोंच्या थोडा वर होता, कारण तेल पाण्याहून हलकं. आता आत पाच किलो आहेत, आणि तेही जवळजवळ मोजून-मापून. फ्रान्समध्ये 1795 साली ग्रॅमची व्याख्या ठरली ती पाण्यावरूनच: वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाण्याचं जे वजन, तो एक ग्रॅम. पुढे प्लॅटिनमचा ठोकळा आला, 2019 पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बेतला गेला, तरी लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन हा हिशेब घरच्या वापराला आजही चोख लागतो. ज्या घरात मापाची बाटली आहे त्या घरात वजनांचा अख्खा संच आहे. लिटरभर ओता, किलोभर वाढलं. पाणी कमी पडायला लागलं की त्याच कॅनमध्ये कोरडी वाळू भरा. वाळू पाण्याच्या दीडपटीहून जड असते, त्यामुळे कॅन आठ किलोंच्या आसपास जातो.

हा कॅन घेऊन रोज दहा मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच मला सुचवायचं आहे. पण तो उचलताना शरीरात जे घडतं ते इतकं थक्क करणारं आहे की आधी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोपर काटकोनात ठेवून कॅन एका हातात धरा. हातात पाच किलो आहेत, तर दंडाच्या स्नायूंना जोर किती लावावा लागतो? कुणीही म्हणेल, पाच किलोंचा. खरं उत्तर चाळीस किलोंच्या आसपास आहे. दंडाचा मुख्य स्नायू कोपराच्या पुढे जेमतेम चार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि मूठ असते कोपरापासून बत्तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. शाळेत शिकलेला तरफेचा नियम इथे लागू होतो: अंतर आठपट, म्हणून जोर आठपट. हाताचं स्वतःचं वजन त्यात धरलेलंच नाही. ‘मला कुठलं झेपतंय वजन’ असं म्हणणारी बाई भरलेला कुकर दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवते, तेव्हा तिच्या प्रत्येक दंडानं वीस-पंचवीस किलोंचा जोर लावलेला असतो.

हा सौदा वरवर तोट्याचा दिसतो, पण त्यातून मिळतो तो वेग. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की मूठ आठ सेंटिमीटर फिरते. दगड भिरकावणं, कुऱ्हाड चालवणं, तबल्यावर द्रुत लयीत बोटं पडणं, हे सगळं अशाच आखूड अंतरांमुळे शक्य झालं. आणि घरी व्यायाम करणाऱ्याला याचा एक सुंदर फायदा आहे. कॅन छातीशी कवटाळला तर तो खांद्याच्या सांध्यापासून वीतभर लांब असतो. हात समोर सरळ ताणला तर दोन-अडीच फुटांवर जातो. पाणी तेवढंच, पण खांद्यावरचा भार तिपटीच्या आसपास होतो. त्यामुळे एका कॅनमध्ये हलकी-जड अशी अनेक वजनं दडलेली असतात. कॅन अर्धाच भरला तर आणखी एक गंमत होते. आतलं पाणी हिंदकळतं आणि ते सावरण्यासाठी मनगट, खांदा आणि पोटाचे स्नायू सतत बारीकसारीक दुरुस्त्या करत राहतात.

आता त्या दंडाच्या आत जाऊ. स्नायू आखडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे माणसाला कळायला 1954 साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एकमेकांच्या नात्यातले नव्हते आणि दोन्ही जोड्या वेगवेगळं काम करून एकाच उत्तरावर पोहोचल्या होत्या. स्नायूतले धागे स्वतः आखूड होत नाहीत. जाड धागे आणि बारीक धागे एकमेकांवरून सरकतात. जाड धाग्यावर मायोसिन नावाच्या प्रथिनाची असंख्य टोकं असतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोरावर हातापुढे हात टाकत जातो, तशी ती टोकं बारीक धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतात. एका ओढीत सरकणारं अंतर सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा आठ-दहा हजारावा भाग.

एवढ्याशा ओढीनं पाच किलो वर कसे जातात? बेरजेनं. धाग्यांचा एकेक कप्पा दोन-अडीच मायक्रोमीटर लांबीचा असतो. दहा सेंटिमीटर लांबीचा स्नायुतंतू घेतला तर त्यात असे चाळीस हजार कप्पे एकापुढे एक जोडलेले निघतात. प्रत्येक कप्पा अर्धा मायक्रोमीटर आखडला तर सगळा तंतू दोन सेंटिमीटर आखडतो आणि मूठ सोळा सेंटिमीटर वर येते. प्रत्येक ओढीला एटीपी नावाच्या रेणूचं इंधन लागतं. स्नायूत त्याचा साठा फक्त काही सेकंदांपुरता असतो, म्हणून तो जळतो त्याच वेळी पुन्हा घडवावा लागतो. दिवसभरात शरीर एटीपी मोडून पुन्हा घडवतं त्याची बेरीज आपल्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते. आणि हे इंधन ओढण्याइतकंच सोडण्यासाठीही लागतं. ते संपलं की टोकं पकडलेल्या जागीच अडकून बसतात. मृत्यूनंतर देह ताठरतो तो यामुळेच.

हे सगळं चालू करण्याचा हुकूम मज्जारज्जूतल्या पेशींकडून येतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू, अशी ही तुकडी असते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीकडे जेमतेम दहा-एक तंतू असतात, म्हणून नजर इतकी अचूक वळते. पिंढरीत एका पेशीकडे हजाराहून जास्त तंतू असतात. एल्वुड हेनमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1957 पासून दाखवून दिलं की या तुकड्या ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात: आधी लहान, मग गरज वाढेल तशा मोठ्या. कागद उचलताना मोठ्या तुकड्या निवांत असतात. आणि आपलं रोजचं जगणं बहुतेक कागद उचलण्याच्या पातळीवरच चाललेलं असतं. मोठ्या, ताकदवान तुकड्यांना महिनोन्‌महिने कुणी हाक मारत नाही. वय वाढतं तसे पहिल्यांदा हेच तंतू रोडावतात.

कॅन उचलायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो हलका वाटायला लागतो. आरशात पाहावं तर दंड तेवढाच. माणसाला वाटतं, मनाचे खेळ आहेत. पण ही खरी वाढलेली ताकद असते. ती चेतासंस्थेत वाढलेली असते. जास्त तुकड्या एकदम बोलावणं, हुकूम जलद पाठवणं, विरुद्ध बाजूच्या स्नायूला उगाच आखडू न देणं, हे शरीर आधी शिकतं. 1979 मध्ये मोरितानी आणि डीव्हरीस यांनी स्नायूंतले विद्युतसंकेत मोजून दाखवलं की सुरुवातीच्या आठवड्यांतल्या कमाईत मोठा वाटा चेतांचा असतो आणि स्नायूची जाडी पुढे वाढते. त्याहून जुना प्रयोग तर मला आजही अविश्वसनीय वाटतो. येल विद्यापीठात 1894 साली एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताच्या मुठीला आवळण्याचा सराव दिला. सराव न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढली. हाच परिणाम पुढे असंख्य वेळा तपासला गेला आहे, आणि हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या रुग्णाला दुसऱ्या हाताचा व्यायाम सांगण्यामागे हाच विचार असतो.

पण पाच किलोंनी स्नायू वाढेल का, ही शंका रास्त आहे. जिममध्ये चाळीस-पन्नास किलोंच्या सळया दिसतात, तिथे हा तेलाचा कॅन कुठे पुरा पडणार? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्ट्युअर्ट फिलिप्स यांच्या गटानं हे तपासलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्यायामाची सवय असलेले 49 तरुण होते. एका गटानं जड वजन 8 ते 12 वेळा उचललं, दुसऱ्यानं हलकं वजन 20 ते 25 वेळा. दोघांनीही अगदी उचलेनासं होईपर्यंत. बारा आठवड्यांनी स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच निघाली. हेनमनचा क्रम आठवला की कारण लक्षात येतं. हलकं वजन उचलताना आधी लहान तुकड्या राबतात, त्या थकतात, मग मोठ्यांना उठावंच लागतं. पंचविसाव्या वेळी हात थरथरतो ना, तेव्हा त्या जाग्या झालेल्या असतात. बाहेर लोखंड आहे, वाळू आहे की पाणी, हे तंतूला कळण्याची काही सोय नाही. त्याला जाणवतो तो ताण.

म्हणूनच व्यायामाच्या साधनांचा इतिहास पाहिला तर तो हाताशी आलेल्या वस्तूंचा इतिहास निघतो. आज जिममध्ये दिसणारी कडीवाली गोल केटलबेल रशियन बाजारातलं धान्य तोलायचं वजन होती; म्हणून 16 किलोंची केटलबेल अजून सर्रास मिळते, कारण तिथलं जुनं माप ‘पूद’ 16.38 किलोंचं. आपल्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गावांत मारुतीच्या देवळापुढची दगडी गोटी खांद्यावर घेणं ही पोरांची परीक्षा असे. तालमीतले मुद्गल आणि करेला म्हणजे लाकडाचे ओंडकेच. जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा 42 किलोंचा खंडा एका हातानं तोलून धरण्याची चढाओढ आजही होते.

वजन हळूहळू वाढवत नेण्याचं शास्त्र मात्र इस्पितळात घडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जायबंदी झालेले सैनिक भरले होते. अशक्त पायाला विश्रांती आणि अगदी हलकी हालचाल, हा तेव्हाचा रिवाज. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरानं त्यांच्या पावलांना लोखंडी बूट बांधले आणि वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं. पाय झपाट्यानं सुधारले. त्याचा लेख 1945 मध्ये आला. तीन सेट, दहा-दहा वेळा, ही जगभरच्या जिममधली ओळ त्याच्या आणि वॉटकिन्स या सहकाऱ्याच्या पुढच्या कामातून आली आहे. दर आठवड्या-पंधरवड्यानं कॅनमध्ये अर्धा लिटर वाढवणारा माणूस नेमकं डीलॉर्मचंच सूत्र पाळत असतो.

आपल्याला हे जास्त गरजेचं का आहे, याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, अगदी एकसारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बाहेरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे याज्ञिकांच्या संशोधनाचं सार. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. स्नायू कमी म्हणजे साखर साठवायची जागा कमी. आणि इथे निसर्गानं एक मागचं दार ठेवलं आहे: काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढू शकतो. इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या माणसातही हे दार उघडतं. पाच कॅन-बैठका काढल्या तरी मांड्या ते ढकलायला लागलेल्या असतात.

तर ती दहा मिनिटं. कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरून खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा. मांड्यांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. मग एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा आणि दुसऱ्या हातानं कॅन बरगडीपर्यंत ओढा. तिसरं म्हणजे कॅन खांद्यापासून वर ढकलणं. चौथं माझं सगळ्यात आवडतं: एका हातात कॅन घेऊन ताठ मानेनं घरात फेऱ्या मारा. उजव्या हातातल्या वजनानं कंबर उजवीकडे झुकू नये म्हणून डाव्या कुशीचे स्नायू पूर्ण वेळ काम करतात, आणि वरवर पाहता तुम्ही नुसते चालत असता. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटायलाच हव्यात. एक दिवस बैठका आणि वर ढकलणं, दुसऱ्या दिवशी ओढणं आणि फेऱ्या, अशी अदलाबदल ठेवा, कारण व्यायामानंतर स्नायूतली प्रथिनांची बांधणी दिवस-दोन दिवस चढी राहते आणि तिला तेवढी सवड हवी. भाताचा कुकर लावल्यापासून तो उतरवेपर्यंत हे सगळं आटोपतं.

एक गोष्ट आवर्जून: कॅन खाली आणताना सावकाश आणा. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्यानं ते नुसतं रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. ताणला जाणारा स्नायू कमी खर्चात जास्त भार पेलतो. म्हणून वर नेणं अशक्य झालं तरी सावकाश खाली आणणं जमतं, आणि त्यातून ताकद वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणकही बहुतांशी याच टप्प्यामुळे येते. तिला लॅक्टिक ॲसिडचं नाव देण्याची पद्धत आहे, पण ते तर तासाभरात निघून गेलेलं असतं. ठणक म्हणजे अनोळखी कामानं तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची दुरुस्ती. तेच काम पुन्हा केलं की ती बरीच कमी होते.

उचलताना श्वास सोडा, कोंडू नका. 1985 मध्ये धमनीत नळी घालून केलेल्या मोजणीत, जड वजन पायांनी ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत चढलेला दिसला होता. आपला कॅन तेवढा जड नाही, तरी रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॅनची कडी प्लॅस्टिकची असते. तडा नाही ना ते रोज पाहा आणि कॅन झोके देऊन फिरवू नका. आणखी एक सांगायला हवं. ज्या बाईला उन्हाळ्यात मैलभर चालून हंडे आणावे लागतात तिला हा लेख लागू नाही. ती जे करते ते कष्ट आहेत. वजन किती घ्यायचं आणि कधी थांबायचं हे तिच्या हातात नसतं. तिला हवा आहे तो घरात नळ.

स्नायूंबरोबर हाडंही ऐकत असतात. जर्मन शल्यविशारद युलियस व्होल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं की हाड भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं. त्याची उलट बाजू अंतराळात दिसली: तिथे वजन उरत नाही, आणि अंतराळवीरांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांतून दर महिन्याला एक ते दीड टक्का हाड कमी होत जातं. तिथे पाण्याचा कॅन निरुपयोगी. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2008 साली निर्वात नळकांड्यांच्या ओढीवर चालणारं खास यंत्र पाठवावं लागलं आणि रोजचे दोन-एक तास व्यायामासाठी राखावे लागतात. पृथ्वी हीच ओढ आपल्याला फुकट देते, स्वयंपाकघरातसुद्धा.

वय झालं, आता काय, असं वाटत असेल तर बॉस्टनचा प्रयोग माहीत असू द्या. मारिया फियाटारोन यांनी 1990 मध्ये तो प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातले दहा दुबळे रहिवासी, सरासरी वय 90. आठ आठवडे त्यांनी पायांनी वजन उचललं. ताकद सरासरी 174 टक्के वाढली, मांडीचा स्नायू 9 टक्के. तुमच्या घरात आई-वडील, आजी-आजोबा असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावा, शेजारी उभे राहा, आणि जमायला लागलं की त्यांच्या हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली द्या.